गतीचा प्रयोगसंच: फितीचा घ्यावा की फोटोगेटचा?

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’ हा आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी सुरू होतात आणि दप्तरं उघडताच हा पाठ समोर येतो. प्रयोगशाळा नीट लागलेली नसते, कपाटाच्या किल्ल्या सापडायच्या असतात. म्हणून बऱ्याच शाळांत विस्थापन, वेग, त्वरण हे सगळं फळ्यावरच आटोपतं. मुलं तीन समीकरणं पाठ करतात, गणितं बरोबर सोडवतात, आणि ‘एकसमान वेगानं जाणाऱ्या गाडीवर एकूण बल किती?’ असं विचारलं की चुकतात. हे टाळायचं तर हातात साहित्य हवं. नागपूरच्या बर्डीतल्या (सीताबर्डीतल्या) प्रयोगसाहित्याच्या दुकानांत गतीचे जे तयार संच मिळतात, त्यातला कोणता घ्यावा, त्यात काय कामाचं आहे आणि काय दुरुस्त करून घ्यावं लागतं, ते इथे सविस्तर देतो.

संच दोन तऱ्हेचे असतात. पहिला फितीचा. त्यात साधारण १२० सेमी लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, ५०० ग्रॅमच्या दोन ट्रॉल्या, टोकाला लावायची कप्पी, ५० ग्रॅमची खाचेची वजनं आणि ती टांगायचा आकडा (हूक), बल मोजायचा एक ताणकाटा, लाकडी ठोकळा, पोलादी गोळी आणि टिकर टायमर असतो. टिकर टायमर म्हणजे ट्रॉलीमागे बांधलेल्या कागदी फितीवर ठरावीक वेळानं ठिपका उमटवणारं यंत्र. दुसऱ्या तऱ्हेच्या संचात बाकी सामान तेच, फक्त टायमरच्या जागी दोन फोटोगेट (किरण अडला की वेळ टिपणाऱ्या चौकटी) आणि आकडे दाखवणारा डिजिटल डबा. ट्रॉलीवरचं कार्ड गेटमधून गेलं की वेळ पडद्यावर दिसतो. हा संच साधारण दुप्पट महाग पडतो. दिसायला देखणा असल्यामुळे मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला की पसंत पडतोही.

आठवी-नववीसाठी आमचं मत स्पष्ट आहे: फितीचा घ्या. फोटोगेट वेळेचा आकडा देतो, पण गती दाखवत नाही. त्या दोन गेटांच्या मधल्या जागेत गाडीनं काय केलं, हे मुलाला कळत नाही. फितीवर मात्र अख्खा प्रवास उमटलेला असतो. ठिपके जवळजवळ असतील तिथे गाडी हळू होती, लांब होत गेले तिथे ती वेग घेत होती, सारख्या अंतरावर आले तिथे वेग बदलला नाही. सूत्र सांगण्याआधीच मूल हे वाचू शकतं. दुसरी गोष्ट वर्गाच्या आकाराची. साठ मुलांचा वर्ग आणि संच एकच असला तरी दर वेळी नवी फीत लावली की प्रत्येकाच्या हातात स्वतःचं मोजमाप येतं. डिजिटल डब्यासमोर मात्र पहिल्या बाकावरचे चौघे आकडा वाचतात आणि उरलेले वहीत उतरवून घेतात.

आता टायमरकडे वळू, कारण संच बिघडतो तो बहुतेक इथेच. टायमरमध्ये तारेचं वेटोळं, त्यातून जाणारी पोलादी पट्टी आणि पट्टीच्या बाजूला कायमचा चुंबक असतो. वेटोळ्याला प्रत्यावर्ती प्रवाह दिला की पट्टी विजेच्या वारंवारतेनं खालीवर होते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला ५० ठिपके, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये ०.०२ सेकंद. यासाठी ६ ते १२ व्होल्ट एसी देणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. पुष्कळ खोक्यांत मोबाइलच्या चार्जरसारखा डीसी अडॅप्टर घातलेला असतो. तो जोडला की पट्टी एकदा खटकन खाली ओढली जाते आणि तिथेच बसते. टायमर खराब निघाला असं समजून तो परत पाठवला जातो, पण त्याचा काही दोष नसतो. अडॅप्टरच्या पाठीवर ‘आउटपुट’ समोर एसी लिहिलंय का, एवढं पाहून घ्या.

चुंबक निसटला किंवा उष्णतेनं, पडण्याझडण्यानं कमजोर झाला तर वेगळाच घोळ होतो. चुंबक नसला की पोलादी पट्टी प्रवाहाच्या दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत ओढली जाते आणि ठिपके सेकंदाला १०० पडू लागतात. मुलांचा वेग मग खऱ्याच्या निम्मा येतो आणि त्वरण चौथाई. हे पकडण्याचा उपाय सोपा आहे. टायमर चालू करून फीत हातानं सावकाश ओढत तीन सेकंद मोजा आणि ठिपके मोजा. दीडशेच्या आसपास आले तर ठीक, तीनशेच्या आसपास आले तर चुंबक तपासा. बॅटरीवर, विजेच्या घंटीच्या तत्त्वावर चालणारे टायमरही बाजारात आहेत. ते घेऊ नयेत. त्यांची वारंवारता बॅटरी उतरेल तशी बदलते.

ठिपके उमटवणारी कार्बन कागदाची चकती मधल्या खिळ्यावर सैल फिरली पाहिजे आणि फीत तिच्या काळ्या बाजूला लागून गेली पाहिजे. चकती उलटी बसली तर फीत कोरी निघते. चकती अडकून एकाच जागी राहिली तर थोड्या वेळात ठिपके फिके पडतात. आणि पंखा! छताचा पंखा चालू असताना कागदी फीत फडफडते, टायमरच्या खाचेत तिरकी होते आणि ट्रॉलीला मध्येच ओढ बसते. उकाड्यात साठ मुलांच्या वर्गात पंखा बंद करणं सोपं नाही, हे मान्य. म्हणून आधी सगळी मांडणी पंखा चालू ठेवूनच करून घ्यावी आणि ट्रॉली सोडताना तेवढा दोन मिनिटं बंद करावा. कूलरचा झोतही टेबलावर येऊ देऊ नये.

पहिला प्रयोग त्वरणाचा करू नका, एकसमान गतीचा करा. पट्टी सपाट ठेवून ट्रॉलीला हलका धक्का दिला की ती हळूहळू थांबते, आणि मुलांचं मत पक्कं होतं की बल नसलं की वस्तू थांबते. हे मत मोडणं हेच या संचाचं सगळ्यात मोठं काम आहे. फीत लावलेली ट्रॉली पट्टीवर ठेवा. टायमरच्या बाजूचं टोक वह्यांवर थोडं थोडं उचलत जा. प्रत्येक उंचीला ट्रॉलीला हलका धक्का द्या. ज्या उंचीला ठिपक्यांमधलं अंतर शेवटपर्यंत सारखं राहील, तिथे थांबा. चांगल्या चाकांच्या ट्रॉलीला १२० सेमीवर दोन सेमीच्या आसपास उचल पुरते. तीन-चार सेमी लागत असेल तर चाकाच्या आसात धूळ किंवा केस अडकलाय. फीत काढून हे जुळवलं तर उपयोग नाही, कारण फितीचं टायमरमधलं घर्षणही त्यात धरायचं आहे. ठिपके एक-एक सेमीवर आले तर वेग ०.५ मीटर प्रति सेकंद, हा हिशेब मुलं स्वतः करतात. उतार ट्रॉलीला पुढे ओढतोय, घर्षण मागे ओढतंय, दोन्ही सारखे आहेत, म्हणून एकूण बल शून्य. आणि तरी गाडी चालते आहे. सर न्यूटन यांचा १६८७ साली छापला गेलेला पहिला नियम मुलाला कागदाच्या फितीवर दिसतो.

इथून पुढे उतार हलवायचा नाही. खडूनं वह्यांच्या कडेची खूण करून ठेवा.

त्वरणाची फीत कशी वाचायची ते शिकवायला एक तास ठेवावा, घाई करू नये. सुरुवातीचे ठिपके एकमेकांवर चढलेले असतात, ते सोडून द्यायचे. जिथून ठिपके सुटे दिसतात तिथे पहिली रेघ मारायची. मग पाच-पाच मोकळ्या जागांनंतर रेघा. सगळ्यात जास्त होणारी चूक इथलीच: मुलं जागा मोजण्याऐवजी ठिपके मोजतात, पाच ठिपक्यांवर रेघ मारतात आणि ०.१ सेकंदाच्या जागी ०.०८ सेकंदाचा तुकडा कापतात. बरोबर कापलेले तुकडे आलेख कागदावर शेजारी-शेजारी, तळ एका रेषेत ठेवून चिकटवायचे. प्रत्येक तुकडा एक दशांश सेकंदात कापलेलं अंतर दाखवतो, म्हणजे तो त्या वेळचा वेगच झाला. वेग-काल आलेख हाताला लागतो तो असा. पुस्तकात आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर असं वाचून पाठ केलेलं असतं. इथे ती फीतच आलेख होऊन बसलेली असते, त्यामुळे वेगळं पटवावं लागत नाही.

दुसऱ्या नियमाचा प्रयोग संचातल्या पुस्तिकेत दिलाय तसा केला तर चुकतो. पुस्तिकेत लिहिलेलं असतं: दोरीला वजन टांगा, टांगलेल्या वजनाच्या बलाला ट्रॉलीच्या वस्तुमानानं भागा, त्वरण मिळेल. पण टांगलेलं वजनही खाली वेग घेत असतं. ते बल ट्रॉलीला आणि वजनाला, दोघांनाही हलवतं. नागपुरात गुरुत्व त्वरण ९.७९ मी/से² धरा. ५०० ग्रॅमच्या ट्रॉलीला २०० ग्रॅम टांगले तर बल १.९६ न्यूटन. पुस्तिकेच्या रीतीनं त्वरण ३.९ यायला हवं. फितीवर मात्र २.८ येतं, कारण हलणारं एकूण वस्तुमान ७०० ग्रॅम आहे. मुलं मग ‘घर्षणामुळे फरक आला’ असं लिहून मोकळी होतात, आणि घर्षण तर आपण आधीच उतारानं फेडलेलं असतं.

योग्य रीत अशी. आकडा ५० ग्रॅमचा. खाचेच्या वजनांच्या, ५० ग्रॅमच्या तीन चकत्या ट्रॉलीवर ठेवा. पहिल्या फेरीत फक्त आकडा टांगा. दुसऱ्या फेरीत ट्रॉलीवरची एक चकती काढून आकड्यावर घाला, मग दुसरी, मग तिसरी. एकूण वस्तुमान चारही वेळा ७०० ग्रॅमच राहतं, बदलतं ते फक्त बल. त्वरण अनुक्रमे ०.७०, १.४०, २.१० आणि २.८० मी/से² च्या जवळ यायला हवं. आकडेमोड करायचीही गरज नाही. चिकटवलेल्या तुकड्यांची उंची पहिल्या फेरीत दर तुकड्याला ७ मिमीनं वाढते, दुसरीत १४ नं, तिसरीत २१ नं. मोजपट्टी लावून मोजलं की दुप्पट बलाला दुप्पट त्वरण हे दिसतं. एक-दोन मिमी इकडेतिकडे झालं तर चालेल. पाच मिमीचा फरक पडत असेल तर दोरीकडे पाहा.

दोरी ही संचातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात त्रास देणारी वस्तू. सोबत सुती धागा दिलेला असतो, तो ताणला जातो आणि पिळाचा असल्यामुळे आकडा गरगर फिरतो. मासे पकडायची बारीक नायलॉनची दोरी लावा. कप्पी वरखाली करून दोरी पट्टीला समांतर झाली पाहिजे. ती वर चढत असेल तर ट्रॉलीला उचलते, खाली उतरत असेल तर दाबते. कप्पीला फुंकर मारली की ती काही फेरे फिरायला हवी.

आणखी एक सापळा टेबलाच्या उंचीचा. टेबल ७५ सेमी उंच असलं आणि दोरी लांब ठेवली तर ट्रॉली पट्टीच्या टोकाला पोचायच्या आत आकडा जमिनीला टेकतो. त्यानंतर ओढणारं बल संपतं, दोरी सैल पडते. फितीवर त्या जागेनंतरचे ठिपके सारख्या अंतरावर येतात. ज्या मुलानं हे न ओळखता संपूर्ण फितीचं सरासरी त्वरण काढलं, त्याचं उत्तर कमी येतं. पण हाच सापळा शिकवायला फार उपयोगी आहे. चिकटवलेले तुकडे आधी पायऱ्यांसारखे चढतात आणि मग एका उंचीला सपाट होतात. ‘इथे काय झालं?’ एवढाच प्रश्न विचारा. बल गेलं, वेग मात्र गेला नाही, हे मुलं स्वतः शोधतात. आमच्या मते संपूर्ण संचातला हा सर्वांत चांगला तास आहे, आणि तो पुस्तिकेत दिलेला नाही. पट्टीच्या टोकाला जाडसर स्पंज बांधायला मात्र विसरू नका. २०० ग्रॅमच्या फेरीत पाऊण मीटर अंतर कापून ट्रॉली दोन मीटर प्रति सेकंदाच्या आसपास गेलेली असते, आणि कप्पीचा कंस पहिल्या आठवड्यातच वाकतो.

पोलादी गोळी आणि तिची पन्हळ यांच्यासाठी पुस्तिकेतलं पान फाडलं तरी चालेल. तिथे गोळी उतारावरून सोडा, वेळ मोजा आणि गुरुत्व त्वरण काढा असं सांगितलंय. सूत्र दिलंय ते घर्षणाशिवाय घसरणाऱ्या वस्तूचं. गोळी घसरत नाही, घरंगळते. उतारावर मिळालेल्या ऊर्जेचा काही भाग तिच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यात जातो. सपाट पृष्ठभागावरून घरंगळणाऱ्या भरीव गोळीचं त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या पाच सप्तमांश असतं, म्हणून उत्तर ९.८ ऐवजी ७.० येतं. पन्हळीत ते आणखी घटतं, कारण गोळी तळावर न टेकता दोन कडांवर टेकते. २५ मिमी व्यासाची गोळी आणि १५ मिमी अंतरावरच्या कडा असतील तर उत्तर ६.० च्या जवळ. अचूक मोजणाऱ्या मुलाला चूक ठरवणारा प्रयोग वर्गात करू नये.

तीच गोळी आणि तीच पन्हळ दुसऱ्या कामाला मात्र उत्तम. वरच्या मापाची पन्हळ असेल आणि १२० सेमीला १० सेमी उचल दिली तर गोळीचं त्वरण ०.५० मी/से² च्या आसपास येतं. गोळी जिथून सोडायची तिथून ६.२५, २५, ५६.२५ आणि १०० सेमीवर बारीक रबरबँड आडवे चढवा. गोळी प्रत्येक रबरबँडवरून जाताना टक् असा आवाज येतो. अंतरं वाढत जातात, आवाज मात्र ठेक्यात येतात, अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं. आता मधली अंतरं काढा: ६.२५, १८.७५, ३१.२५, ४३.७५. म्हणजे १, ३, ५, ७ या प्रमाणात. गॅलिलिओनं मांडलेला हा विषम संख्यांचा नियम १६३८ सालच्या त्याच्या ग्रंथात आहे, आणि इथे तो घड्याळाशिवाय, नुसत्या कानांनी तपासता येतो. पन्हळीचं माप वेगळं असेल तर ठेका अर्ध्या सेकंदाचा राहणार नाही, पण सारखा राहीलच. रबरबँड जाड असला तर गोळी उडते आणि ठेका मोडतो. जाड वाटला तर त्याऐवजी शिवणाचा दोरा ताणून बांधा. संचात आलेले रबरबँड नागपूरच्या एका उन्हाळ्यात कडक होऊन तुटतात, दरवर्षी नवे आणावे लागतात.

ताणकाट्याबद्दल दोन सूचना. ५ न्यूटनपर्यंतचा घ्या. पुष्कळ संचांत १० न्यूटनचा टाकलेला असतो, आणि २०० ग्रॅमचा लाकडी ठोकळा सनमायकावर ओढायला अर्ध्या न्यूटनच्या आसपासच बल लागतं, ते त्या काट्यावर एखाद-दुसऱ्या घरातच संपतं. दुसरं, काटा आडवा धरून वापरायचा असेल तर शून्य आडवं धरूनच जुळवा. उभा धरल्यावर स्प्रिंग स्वतःच्या आणि आकड्याच्या वजनानं किंचित ताणलेली असते. आडवा केला की तो ताण जातो आणि काटा शून्याच्या मागे सरकतो. घर्षणाच्या प्रयोगात ठोकळा हलण्याच्या क्षणाचं वाचन आणि तो संथपणे सरकत असतानाचं वाचन वेगळं वेगळं लिहायला सांगा. पहिलं जास्त असतं.

संचात ताणकाटा एकच असतो, ही खरी उणीव आहे. दुसरा तसाच विकत घ्या. तिसऱ्या नियमासाठी दोन काटे एकमेकांत अडकवायचे आणि दोन मुलांनी ओढायचे. एकानं फक्त धरून ठेवायचं, दुसऱ्यानं जोर लावायचा. दोन्ही काटे सारखंच दाखवतात. ‘जो ओढतो त्याचं बल जास्त’ ही समजूत यानंतर टिकत नाही. काटे आधी एकाच वजनावर तपासून घ्या, नाहीतर काट्यांतला फरक नियमाच्या अंगावर येतो. १०० ग्रॅम टांगल्यावर दोघांनीही ०.९८ न्यूटनच्या जवळ दाखवलं पाहिजे.

दोन ट्रॉल्यांचा प्रयोग संवेगासाठी. एका ट्रॉलीत दाबून ठेवता येणारी स्प्रिंग असते. दोन्ही ट्रॉल्या सपाट पट्टीवर एकमेकींना टेकवून खिट्टी सोडली की त्या विरुद्ध दिशांना जातात. वस्तुमानं सारखी असतील तर वेग सारखे. आता एका ट्रॉलीवर ५०० ग्रॅम ठेवून ती १ किलोची करा. हलकीपासून ४० सेमीवर आणि जडपासून २० सेमीवर लाकडी अडसर ठेवा. दोघी एकाच वेळी धडकल्या तर एकच आवाज येतो. एकच आवाज याचा अर्थ हलकीचा वेग जडच्या दुप्पट, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा. दोन आवाज आले तर अडसर सरकवून पाहा. किती सरकवावा लागला त्यावरून घर्षणाचा अंदाज येतो. त्याआधी ट्रॉल्यांचं खरं वजन किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करून घ्या. ५०० ग्रॅम लिहिलेली ट्रॉली नेमकी ५०० ची असतेच असं नाही. इथे पट्टीला उतार नको, स्पिरिट लेव्हल लावा. शाळेच्या उतरत्या पाठीच्या बाकांवर हा प्रयोग जमतच नाही, सरळ फरशीवर करा.

जडत्वासाठी दिलेलं प्लॅस्टिकचं नाणं-कार्ड स्टँड अनावश्यक. पेला, पोस्टकार्ड आणि दहा रुपयांचं नाणं घ्या, तेवढं पुरतं. स्टॉपवॉचही बाजूला ठेवा. एक मीटरवरून सोडलेली वस्तू ०.४५ सेकंदात जमिनीवर असते आणि बटण दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, मग मोजलं काय? मुलांना हे दाखवायचं तर एकानं मोजपट्टी उभी धरून सोडावी, दुसऱ्यानं चिमटीत पकडावी. २० सेमी निसटली तर ०.२ सेकंद झाले. मुक्तपतनासाठी टायमर टेबलाच्या कडेला उभा बांधा आणि फितीला २०० ग्रॅम लावून सोडा. ५० ग्रॅम लावले तर फितीच्या घर्षणानं उत्तर बरंच खाली येतं. लागोपाठच्या दोन जागांमध्ये सुमारे ३.९ मिमीची वाढ दिसली पाहिजे.

फोटोगेटचा संच वाईट आहे असं नाही. अकरावी-बारावीला, जिथे गतीची ओळख झालेली आहे आणि अचूकता हवी आहे, तिथे तो उजवा. पण घेताना डबा ०.००१ सेकंदापर्यंत मोजतो का ते पाहा. ५ सेमी रुंद कार्ड १ मीटर प्रति सेकंद वेगानं गेलं तर गेट ०.०५ सेकंदच बंद राहतं. ०.०१ सेकंद मोजणाऱ्या डब्यावर त्यात एका घराची चूक म्हणजे वीस टक्के. गेटमधला अवरक्त किरणांचा संवेदक उन्हानं आंधळा होतो, खिडकीजवळच्या टेबलावर दुपारी तो ट्रॉली गेल्याचं टिपतच नाही. पडदे ओढून किंवा गेटवर काळा पुठ्ठा लावून काम भागतं. ज्यांना दोन्ही संच परवडत नाहीत त्यांनी मोबाइलच्या स्लो मोशनचा विचार करावा. सेकंदाला २४० चौकटी टिपणारा फोन असला तर एक चौकट सुमारे ०.००४ सेकंदाची. फोन दोन मीटर मागे, पट्टीला काटकोनात, स्टँडवर ठेवायचा आणि मोजपट्टी ट्रॉलीच्याच रेषेत, भिंतीवर नाही.

संचातला कोनमापक आणि ओळंबा शाळेबाहेर न्यावा. बर्डीहून खापरीकडे जाणाऱ्या मेट्रोत बसलेल्या मुलानं कोनमापकाला ओळंबा बांधून गाडीच्या दिशेला समांतर धरला तर गाडी सुटताना दोरा मागे झुकतो, वेग स्थिर झाला की सरळ लटकतो आणि स्टेशन जवळ आलं की पुढे झुकतो. दोरा ६ अंश झुकला तर त्वरण साधारण १ मी/से². गाडी सर्वांत वेगात असताना दोरा सरळ असतो, हे पाहून जे प्रश्न मुलं विचारतात त्यांची उत्तरं देण्याची तयारी ठेवून जा. वळणावर दोरा आडवा झुकतो, ती वाचनं वेगळी लिहावीत.

पैसे देण्याआधी दुकानात काही गोष्टी काउंटरवरच करून पाहाव्यात. ट्रॉली काचेवर ठेवून ढकला. ती एका बाजूला वळत गेली तर आस वाकडा आहे, ती बदलून घ्या. एक डोळा मिटून पट्टीच्या कडेनं वेध घ्या, मध्ये झोळ असेल तर दुसरी मागा. टायमर ट्रान्सफॉर्मरमधून दुकानातल्याच प्लगला लावून हातभर फीत ओढा आणि ठिपके एका रेषेत, सुटे आणि गोल येतात का बघा. लांबट, ओघळलेले ठिपके म्हणजे टायमरमधल्या पट्टीचं टोक कागदावर जास्त वेळ टेकतंय. स्क्रू अर्धा फेरा सैल केला की बहुधा सुधारतं. खोक्यातली फीत एका वर्गालाही पुरत नाही. साठ मुलांना प्रत्येकी १.२ मीटर धरले तरी ७२ मीटर लागते, आणि बिघडलेल्या फेऱ्या वेगळ्या. जादा रोल आणि चार-पाच कार्बन चकत्या त्याच बिलात घ्या. साधा कागद कापून फीत करायची झाली तर कडा कटरनं सरळ कापा आणि रुंदी टायमरच्या खाचेपेक्षा एक मिमी कमी ठेवा. पावसाळ्यात फितीचे रोल बंद डब्यात ठेवावेत. दमट फीत वळते, खाचेत घासते आणि सगळी त्वरणं थोडी थोडी कमी येऊ लागतात.